आपल्या ताब्यातील ट्रक

रस्ते अपघाताची फिर्याद ज्यांनी कधी वाचली असेल त्यांना तिच्यातले एक वाक्य ओळखीचे असेल. ‘यातील आरोपी चालकाने आपल्या ताब्यातील ट्रक हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने व रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून’ अशी त्याची सुरुवात असते, आणि मग धडक कोणाला बसली, कोण जखमी झाले, कोण मयत झाले, वाहनांचे किती नुकसान झाले हे क्रमाने येते. गाव, तारीख आणि गाडीचा नंबर बदलतो, वाक्य बदलत नाही. त्यातल्या ‘हयगयीने’ आणि ‘भरधाव’ या शब्दांवर न्यायालयांत भरपूर खल होतो. ‘आपल्या ताब्यातील’ या दोन शब्दांवर मात्र कोणी हरकत घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही, कारण स्टिअरिंगमागे जो बसला आहे त्याच्याच ताब्यात गाडी असते, ही गोष्ट आजवर कोणालाही समजावून सांगावी लागलेली नाही. यापुढे ती तशी राहणार नाही, आणि त्याची तयारी आपल्या कायद्याने, पोलिसांनी, विमा कंपन्यांनी आणि ट्रकमालकांनी केलेली नाही, हे मला या लेखात मांडायचे आहे.

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक मसुदा अधिसूचना काढली. मध्यम व जड मालवाहू गाड्या आणि बस यांच्यात तीन यंत्रणा बसवणे त्यात प्रस्तावित होते : गाडी मार्गिका सोडू लागली तर इशारा देणारी, चालकाला डुलकी लागली किंवा त्याचे लक्ष उडाले तर इशारा देणारी, आणि समोर टक्कर होणार असे दिसल्यास स्वतःहून ब्रेक लावणारी. नव्या मॉडेलना एप्रिल २०२६ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्यांना ऑक्टोबर २०२६ पासून, असे त्यातले वेळापत्रक होते. तिन्हींचा उल्लेख एका दमात केला जातो, पण त्यांची जात एक नाही. पहिल्या दोन नुसत्या ओरडतात, ऐकायचे की नाही हे चालकाच्या हाती राहते. तिसरी ओरडून थांबत नाही, ती ट्रक चालवते. क्षणभरच, आणि फक्त ब्रेकपुरता चालवते, पण त्या क्षणी गाडी कोणाच्या ताब्यात असते?

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो : स्वयंचलित ब्रेक आपल्या ट्रकना हवेत, आणि लवकर हवेत. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि हा आकडा खुद्द मंत्रालयाचा आहे. युरोपात नोंदणी होणाऱ्या नव्या जड ट्रकना २०१५ च्या अखेरीपासून हे ब्रेक सक्तीचे आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये बर्लिनच्या नाताळ बाजारात एका हल्लेखोराने पळवून आणलेला ट्रक गर्दीत घातला, तेव्हा तो आणखी पुढे न जाता ७०-८० मीटरांत थांबला तो याच यंत्रणेमुळे, असे तपासातून पुढे आले. माणूस मारायला निघाला होता आणि यंत्राने ब्रेक दाबला, हे एकच उदाहरण या यंत्रणेच्या बाजूने पुरेसे बोलके आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनानेही जून २०२३ मध्ये जड वाहनांना असे ब्रेक बंधनकारक करण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यामुळे वर्षाला १९,११८ अपघात टळतील व १५५ जीव वाचतील असा अंदाज दिला.

मात्र त्याच प्रशासनाने त्याच सुमारास, अवघे तीन आठवडे आधी, एक चौकशीही उघडली होती. फ्रेटलायनर कंपनीचा कॅस्केडिया हा तिकडच्या महामार्गांवर सर्वत्र दिसणारा ट्रक आहे. २०१७ ते २०२२ या मॉडेल-वर्षांतले सुमारे अडीच लाख कॅस्केडिया ट्रक या चौकशीच्या कक्षेत आले. तक्रारी होत्या १८, आणि त्यांचा आशय एकच होता : रस्ता मोकळा असताना, समोर काहीही नसताना, गाडीने अचानक ब्रेक लावला. म्हणजे एका हाताने सरकार हे ब्रेक सक्तीचे करायला निघाले होते आणि दुसऱ्या हाताने ते ब्रेक नको तिथे का लागतात हे तपासत होते. मला यात विसंगती दिसत नाही. शहाण्या नियामकाने असेच वागायला हवे. आपण मात्र यातला फक्त पहिला हात उचलला आहे.

मोटारीला उगाच ब्रेक लागला तर आत बसलेल्यांना हिसका बसतो आणि मागच्याने वेळीच आवरले नाही तर डिकी चेपते. ट्रकचे तसे नाही. जुलै २०१८ च्या सुधारणेनंतर आपल्याकडे ट्रेलरला ५५ टनांपर्यंत एकूण वजन वाहण्याची मुभा आहे, म्हणजे सव्वा टनाच्या मोटारीच्या ४४ पट. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. आपल्या रस्त्यांवर अशा ट्रेलरच्या मागे किती अंतर राखले जाते हे मी सांगायला नको. त्याच्या सावलीत, वारा लागू नये म्हणून, दुचाकीवाले चाललेले असतात. मागून धडकणारे वाहन चाकांखाली घुसू नये म्हणून लावायची आडवी पट्टी कित्येक गाड्यांवर वाकलेली असते किंवा नुसती नावाला असते.

पण मागच्या वाहनापेक्षाही मला पाठीवरच्या मालाची धास्ती वाटते. जालन्याहून सळया किंवा कारखान्यातून स्टीलच्या कॉइल घेऊन निघालेला जुना चालक ब्रेक कधीही कचकन दाबत नाही. तो लांबूनच गिअर उतरवतो, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडी मंदावणारा ब्रेक, लावतो, ब्रेकमधली हवा राखून टप्प्याटप्प्याने गाडी आवरतो. आपण जोरात थांबलो तरी पाठीवरचा माल थांबणार नाही, तो पुढे सरकून केबिन फाडेल, हे त्याला कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय माहीत असते. समोर कुत्रे आले तर किती दाबायचे आणि माणूस आला तर किती, हा हिशेब तो मालाकडे बघून करतो. यंत्राला पुढचे दिसते, मागे काय बांधले आहे आणि ते कसे बांधले आहे हे दिसत नाही. खरा धोका समोर असेल तेव्हा पूर्ण जोराने ब्रेक लागणेच बरोबर, तिथे मालाचा विचार दुय्यम ठरतो. धोका खोटा असेल तेव्हा मात्र त्या ब्रेकची किंमत चालक चुकवतो, आणि कधीकधी ती केबिनमध्येच चुकवतो.

धोका खोटा का वाटतो, हेही समजून घ्यायला हवे. या यंत्रणा रडार, कॅमेरा किंवा दोन्हींवर चालतात. रडारला धातू चांगला दिसतो, आणि महामार्गावर धातू सगळीकडे असतो : डोक्यावरून आडव्या गेलेल्या फलकाची कमान, पुलाचे गर्डर, वळणावरचे कठडे, खोदकामावर टाकलेली लोखंडी प्लेट. यातली कुठलीच वस्तू हलत नाही, आणि बंद पडून रस्त्यात उभा असलेला ट्रकही हलत नाही. न हलणाऱ्या सगळ्याच गोष्टींकडे दुर्लक्ष करायला शिकवले तर खोटे ब्रेक कमी होतील, पण उभ्या ट्रकवर गाडी आदळेल. सगळ्यांची दखल घ्यायला लावले तर उभा ट्रक टळेल, पण दर दुसऱ्या कमानीखाली हिसका बसेल. कॅमेऱ्याची जोड दिल्यावर ही अडचण पुष्कळ कमी होते, पण मावळतीचा समोरून येणारा सूर्य, कोकणातला पाऊस आणि बंपरवर बसलेला चिखल तिला परत आणतात. म्हणजे हा दोष एका कंपनीच्या निष्काळजीपणातून आलेला नाही. कोणती चूक पत्करायची याची ती निवड आहे, आणि ती निवड कारखान्यात आधीच झालेली असते.

यंत्राने खोटा ब्रेक लावू नये याची चाचणी होतेच. या ब्रेकसाठीचे आपले मानक, म्हणजे एआयएस १६२, ज्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १३१ च्या धर्तीवर बेतले आहे, त्यात ही चाचणी वाचण्यासारखी आहे. दोन मोटारी एकाच दिशेला तोंड करून, एकमेकींपासून साडेचार मीटर अंतरावर उभ्या करायच्या, आणि त्यांच्या बरोबर मधून ट्रक ताशी ५० किलोमीटरने न्यायचा. त्याने ब्रेक लावला नाही आणि इशाराही दिला नाही, तर ट्रक उत्तीर्ण. युरोपातल्या नीटस रस्त्यासाठी ही किमान कसोटी म्हणून ठीक असेल. गाळपाच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ऊस दोन्ही बाजूंना हात-हातभर बाहेर आलेला असतो आणि मागे दिव्याऐवजी, नशीब असेल तर, एखादी लाल चिंधी असते. त्या ट्रॉलीला ओलांडताना समोरून एसटी आली तर मधून साडेचार मीटर मिळाले असे म्हणणारा चालक मला अजून भेटायचा आहे. उसाच्या मोळ्यांचा तो ढीग रात्री यंत्राला वाहन म्हणून ओळखू येईल का, आणि दिवसा शेजारून जाताना तोच ढीग उगाच अडथळा तर वाटणार नाही ना, हे दोन्ही प्रश्न त्या दोन मोटारींना विचारून सुटणार नाहीत. आपली वाहन मानके पुण्यातून, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेतून प्रसिद्ध होतात. तिथून ट्रॉल्या दिसायला फार लांब जावे लागत नाही.

चालक या यंत्रणांना कसे तोंड देतात याचा एक नमुना मी जवळून पाहिला आहे. खालापूरच्या अलीकडे एका धाब्यावर कंटेनर उभा होता आणि चालकाने केबिन दाखवायला मला वर बोलावले. नियम यायच्या आधीच त्याच्या मालकाने चालकाच्या तोंडाकडे रोखलेला कॅमेरा बसवून घेतला होता. त्याच्या बारीक भिंगावर एक लाल टिकली चिकटवलेली होती. टिकल्यांचे पाकीट डॅशबोर्डवरच, देवाच्या तसबिरीशेजारी ठेवले होते. मी विचारले तेव्हा तो हसला नाही. ‘साहेब, डावा आरसा बघायला मान वळवली तरी हे बोंबलतंय. घाटात आरसा नको का बघायला? आणि बोंबललं की तिकडं ऑफिसात नोंद होते, महिन्याला पैसे कापतात.’ टोलनाक्याच्या आधी टिकली काढायची, ऑफिसचा फोन आला की काढायची, एरवी लावायची, असा त्याचा परिपाठ होता.

या टिकलीकडे बेशिस्त म्हणून बघणे सोपे आहे. माझ्या मते ती एक तक्रार होती, आणि ऐकून घेणारे कोणी नसल्यामुळे ती भिंगावर चिकटली होती. जे यंत्र खऱ्यापेक्षा खोटेच जास्त ओरडते, त्याचे खरे ओरडणेही माणूस ऐकेनासा होतो. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, मग ती बझरला लागू पडत नाही असे समजण्याचे कारण नाही. शिवाय मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा आहे आणि त्यात चालकाला दिवसाला ८ तासांची मर्यादा आहे. ती पाळली गेली असती तर डुलकी ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला बरेचसे काम उरले नसते. माणसाला सोळा तास जागवायचे आणि मग त्याचे डोळे मिटतात का हे मोजायला यंत्र आणायचे, ही सुधारणा मला अर्धवट वाटते.

दुसरी उणीव ब्रेकचीच आहे. यंत्र ब्रेक ‘लावते’ म्हणजे ते हवेचा दाब चाकांपर्यंत सोडते. पुढे ब्रेकचे लायनर किती उरले आहे, चाकातला ड्रम किती तापला आहे, ट्रेलरचे ब्रेक तो ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या तोडीचे आहेत का, यांवर त्याची सत्ता नाही. बोरघाट उतरताना किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येताना जे ट्रक सुटतात, ते बहुधा चालकाला समोरचे दिसले नाही म्हणून सुटत नाहीत. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडलेली असते, किंवा एकसारखा पाय ठेवून ब्रेक तापलेले असतात. नवले पुलावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच अपघातात ४८ वाहने चेपली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच उतारावर कंटेनर सुटून आग लागली त्यात ८ जण गेले. तापलेल्या ड्रमवर माणसाने पाय दिला काय आणि संगणकाने हवा सोडली काय, फळ एकच. ‘आता सगळ्या ट्रकना आपोआप ब्रेक येणार’ हे ऐकून ज्यांना घाटातल्या अपघातांची चिंता मिटल्यासारखी वाटते, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे ताब्याकडे येतो. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराजवळच्या महामार्गावर, टूसिंपल या कंपनीचा स्वयंचलित ट्रक अचानक डावीकडे वळला आणि काँक्रीटच्या दुभाजकावर आदळला. आत चालक आणि अभियंता दोघेही होते. कंपनीने पहिल्यांदा बोट दाखवले ते माणसाकडे : यंत्रणा पूर्ण तयार नसताना ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला गेला, असे सांगण्यात आले. पुढे उजेडात आले ते असे की डावीकडे वळण्याचा आदेश सुमारे अडीच मिनिटांपूर्वीचा होता. तो शिळा आदेश यंत्रणेत पडून राहिला होता आणि ती पुन्हा सुरू होताच ट्रकने तो पाळला. अडीच मिनिटांपूर्वीचे वळण आत्ता घेणाऱ्या वाहनाला दोष द्यायचा की बटण दाबणाऱ्याला, हा वाद तिथे निदान होऊ तरी शकला, कारण नोंदी होत्या आणि त्या बाहेर आल्या. मे २०२५ मध्ये टेक्सासात डॅलस ते ह्यूस्टन मार्गावर अरोरा कंपनीने रिकाम्या केबिनचे ट्रक धावू लागल्याचे जाहीर केले, आणि काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या पॅकार कंपनीच्या विनंतीवरून केबिनमध्ये पुन्हा माणूस बसवला. माणसाने तिथे नक्की काय करायचे, हा प्रश्न तिकडेही पुरता सुटलेला नाही.

आपल्याकडे चालकविरहित ट्रक उद्या-परवा येणार नाहीत. चालक असलेला आणि मधूनच स्वतः ब्रेक मारणारा ट्रक मात्र येतो आहे. समजा, अशा ट्रकला मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लागला आणि मागून येणारा दुचाकीस्वार त्यावर आदळून दगावला. फिर्यादीत काय लिहिले जाईल? आपल्या ताब्यातील ट्रक हयगयीने, अविचाराने... ‘मी ब्रेक दाबलाच नाही’ असे चालक म्हणेल आणि ठाण्यातले सगळे हसतील. जमावाच्या भीतीने तो पळाला तर प्रकरण आणखी चिघळेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी देशभर चाके थांबवली. मनमाडजवळच्या पानेवाडीतून निघणारे इंधनाचे टँकरही जागेवर राहिले आणि पंपांवर रांगा लागल्या. ते पोटकलम सरकारने तूर्त बाजूला ठेवले. पण अपघात झाला की चुकले कोणाचे हे आधीच ठरलेले असते, ही चालकांच्या मनातली भीती त्याने गेली नाही, आणि ती भीती निराधारही नाही.

यंत्राचा दोष असेल तर गाड्या परत बोलावण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि एप्रिल २०२१ पासून त्याचे नियमही लागू झाले. ते बारकाईने वाचावेत. ट्रक आणि बसच्या बाबतीत सक्तीच्या परतबोलावणीसाठी तक्रारींचे प्रमाण वार्षिक विक्रीच्या ३ टक्क्यांपर्यंत पोचावे लागते. वर्षाला वीस हजार खपणाऱ्या मॉडेलला म्हणजे सहाशे तक्रारी हव्यात. चौकशी उघडणे आणि गाड्या परत बोलावणे यांत फरक आहे हे मान्य करूनही, तिकडे अडीच लाखांत १८ तक्रारींवर सरकार जागे झाले हे विसरता येत नाही. त्याहून मोठी गोम अशी की कायदा विचार करतो तो मालकांच्या तक्रारींचा. खोटा ब्रेक ज्याच्या अंगावर येतो तो चालक, आणि तो मालक नसतो. तो मालकाला सांगणार, मालक म्हणणार ‘तूच झोपला असशील’, आणि तक्रार धाब्यावरच्या चहाबरोबर संपणार.

म्हणून माझी मागणी ब्रेक पुढे ढकलण्याची नाही, ब्रेकबरोबर नोंद सक्तीची करण्याची आहे. ब्रेक पायाने लागला की यंत्राने, इशारा किती आधी आला, चालकाने मध्येच ॲक्सिलरेटर दाबून यंत्राला आवरण्याचा प्रयत्न केला का, यंत्रणा बंद केलेली होती का, हवेचा दाब किती होता : एवढ्या गोष्टी शेवटच्या काही सेकंदांपुरत्या जपल्या जाव्यात. युरोपीय संघाने जानेवारी २०२६ पासून जड वाहनांच्या नव्या प्रकारांना अपघात नोंदवणारे यंत्र बंधनकारक केले आहे. तिथली नोंद विशिष्ट वाहनाची ओळख पटू नये अशा बेताने ठेवली जाते आणि तिचा रोख संशोधनाकडे आहे. आपल्याकडे तेवढे पुरणार नाही, कारण आपल्याकडे अटक आधी होते आणि संशोधन, झालेच तर, मागाहून. इथे ती नोंद तपास अधिकाऱ्याला उघडता आली पाहिजे आणि तिची प्रत चालकाला, त्याने मागितल्यास मालकाला न विचारता, मिळाली पाहिजे.

यावर उत्पादक म्हणतील की खर्च वाढेल. यातली बरीच माहिती गाडीच्या संगणकात आजही उमटते, फक्त ती वाचायचे साधन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात असते आणि तिथेच राहते. दुसरा आक्षेप चालकांच्या बाजूने येईल आणि तो जास्त वजनदार आहे : हीच नोंद उद्या आमच्यावर उलटेल, पगार कापायला वापरली जाईल. टिकलीवाल्या चालकाचा अनुभव पाहता हा संशय खोडून काढणे कठीण आहे. त्यावर उपाय म्हणून, अपघात झाला तरच ही नोंद उघडावी आणि पगार, दंड किंवा कामावरून काढणे यांसाठी ती वापरता येऊ नये, असे नियमातच लिहावे लागेल. काही प्रकरणांत ती चालकाविरुद्ध जाईल हेही खरेच, आणि तशी ती गेली तर जावी.

हे करायला नवे खातेही उभारावे लागणार नाही. अपघाताच्या जागी पोलीस आता ई-डार या अपघातांच्या ऑनलाइन नोंदीच्या प्रणालीत माहिती भरतात आणि २०२२ च्या नियमांप्रमाणे पहिला अहवाल ४८ तासांत द्यावा लागतो. चालक, मालक आणि वाहन यांच्यासाठी त्यात वेगवेगळे नमुने आहेत. वाहनाच्या तपशिलात आणखी दोन रकाने घालता येतील : स्वयंचलित ब्रेक यंत्रणा होती का, आणि अपघाताच्या वेळी ब्रेक कोणी लावला. दुसऱ्या रकान्यात ‘चालक’ किंवा ‘यंत्रणा’ असे लिहिण्याआधी परिवहन विभागाच्या निरीक्षकाने गाडीच्या संगणकाला वायर जोडून बघितलेले असावे. आणि तो रकाना भरला जाईपर्यंत फिर्यादीतले ‘आपल्या ताब्यातील’ हे दोन शब्द ठाणे अंमलदाराने कोरे सोडावेत.